हायड्रोजनची सुरक्षितता आणि समाजाचे कर्तव्य

(गोडदेव, भाईंदर पूर्व येथे कार्यकर्ते आणि नागरिक कुटुंबे यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गोडदेवसारख्या वस्तीत हायड्रोजन या विषयावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. हा विषय शास्त्रज्ञांचा, मोठ्या उद्योगपतींचा किंवा दिल्लीतील मंत्रालयांचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने हायड्रोजनवर चालणाऱ्या बसगाड्या व मालमोटारींच्या पाच प्रायोगिक प्रकल्पांना मंजुरी दिली. एकूण ३७ वाहने आणि ९ भरणा केंद्रे असे त्यांचे स्वरूप ठरले. मंजूर मार्गांच्या यादीत पुणे–मुंबई हा मार्ग आहे, तसाच अहमदाबाद–वडोदरा–सुरत हाही आहे. सुरतेहून मुंबईकडे येणारा तो महामार्ग काशीमिऱ्यावरून जातो. आज प्रयोग म्हणून सुरतेपर्यंत धावणारी मालमोटार उद्या व्यवहार म्हणून मुंबईपर्यंत येऊ शकते. तेव्हा ती येथील शाळांच्या, बाजारांच्या आणि घरांच्या शेजारून जाईल. म्हणून हा विषय दूरचा नाही.

मिरा-भाईंदर परिसरात १९८५ साली नगरपरिषद आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. मिठागरे आणि गावठाणे यांचा हा प्रदेश एका पिढीच्या काळात दाट लोकवस्तीचे उपनगर बनला. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी करणारे लहान लहान कारखाने गाळ्यागाळ्यांतून उभे राहिले. घरे, गाळे, रस्ते सारे परस्परांना चिकटून आहे. अशा वस्तीत कोणत्याही इंधनाचा नियम कागदावर कसा लिहिला जातो, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. आणि तो नियम लिहिला जात असताना त्या वस्तीचे म्हणणे कोणी मांडले होते का, हाच आजच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

जुना परिचय, नवी जागा

हायड्रोजन मुंबईला नवा नाही. १९३०च्या दशकात शिवडी येथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. तेलाचे घट्ट तुपात रूपांतर करणारी ती प्रक्रिया हायड्रोजनचीच आहे. तुर्भ्याच्या खत कारखान्यात अमोनिया तयार होतो तो हायड्रोजन आणि नायट्रोजन यांच्या संयोगातून. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंधनातील गंधक काढून टाकण्यासाठी हाच वायू लागतो. औष्णिक वीजकेंद्रांतील मोठी जनित्रे थंड राखण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

मग नवे काय आहे? आजवर हा वायू कारखान्याच्या भिंतीआड होता. त्याला हाताळणारा कामगार प्रशिक्षित होता, आवारात बाहेरच्या माणसाला मज्जाव होता. आता तो भिंत ओलांडून रस्त्यावर येऊ पाहत आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मान्यता दिली. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आणि २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्मितीची क्षमता, असे त्याचे उद्दिष्ट ठरले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले. पुण्यात तर त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी यांनी मिळून विकसित केलेल्या स्वदेशी हायड्रोजन बसचे अनावरण झाले होते.

खनिज तेलासाठी परदेशाच्या दाराशी उभे राहावे लागणाऱ्या राष्ट्राने सूर्य, वारा आणि पाणी यांपासून स्वतःचे इंधन निर्माण करावे, यासारखी स्वावलंबनाची गोष्ट दुसरी नाही. परंतु ज्या वस्तूवर राष्ट्राची एवढी आशा आहे, तिच्या सुरक्षिततेकडे झालेले दुर्लक्ष त्या आशेलाच जाळून टाकील. एखादी दुर्घटना काही घरे उद्ध्वस्त करतेच, पण त्याबरोबर लोकांचा विश्वासही उद्ध्वस्त करते. तो पुन्हा उभारण्यास दशके लागतात.

स्वभाव जाणावा, भय धरू नये

प्रत्येक इंधनाचा एक स्वभाव असतो. स्वयंपाकघरातील गॅस हवेपेक्षा जड आहे. तो गळला तर जमिनीलगत साचतो. हायड्रोजन याच्या नेमका उलट, हवेपेक्षा सुमारे चौदा पटींनी हलका आहे. मोकळ्या जागी तो क्षणात वर निघून जातो, हा त्याचा गुण. परंतु वर बंद छप्पर असेल तर तो छपराखाली साचतो, हा धोका. नैसर्गिक वायू हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला तरच पेट घेतो. हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोठेही पेटतो, आणि त्याला पेटवायला लागणारी ठिणगी नैसर्गिक वायूच्या तुलनेत दहाव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जेची पुरते.

त्याला रंग नाही, वास नाही. घरगुती गॅसला जो उग्र दर्प येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. पण इंधन-घटासाठी लागणाऱ्या हायड्रोजनमध्ये ते द्रव्य मिसळता येत नाही, कारण गंधकामुळे घटातील उत्प्रेरक निकामी होतो. म्हणजे जी युक्ती गृहिणीला गळतीची सूचना देते, ती येथे उपयोगी नाही. तिची जागा संवेदक उपकरणांनी घ्यावी लागते. त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेच्या अवकाश संस्थेतील कर्मचारी प्रारंभीच्या काळात लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून चालत. केरसुणी पेटली की तेथे ज्वाला आहे हे कळे.

दाबाचाही विचार करावा लागतो. सीएनजी वाहनाच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. हायड्रोजन वाहनांसाठी तो ३५० किंवा ७०० बार इतका असतो. शिवाय हा सूक्ष्म वायू काही प्रकारच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. म्हणून नळी, झडप, टाकी, बोल्ट यांतील प्रत्येक वस्तूसाठी वेगळे मानक लागते.

हे सारे ऐकून भय वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी हा स्वभाव ओळखला आणि नियम पाळले, त्यांनी जगभर दशकानुदशके हायड्रोजन सुखरूप हाताळला आहे. आपल्या अवकाश संशोधन संस्थेने उणे २५३ अंश तापमानाचा द्रवरूप हायड्रोजन वापरून जानेवारी २०१४ मध्ये स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे यशस्वी उड्डाण केले. भय हे अज्ञानातून येते आणि बेफिकिरीही अज्ञानातूनच येते.

वेदी, ऋत्विज आणि ब्रह्मा

अग्नीशी नियमाने वागण्याची शिकवण या देशाला बाहेरून घ्यावी लागलेली नाही. ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त अग्नीला उद्देशून आहे, आणि ज्या वेदीवर तो प्रज्वलित करायचा तिची मापे शुल्बसूत्रांनी दोरी आणि खुंटी यांच्या साह्याने काटेकोर ठरवून दिली. विटा किती, कोणत्या आकाराच्या आणि कशा रचायच्या, हे यजमानाच्या लहरीवर सोडलेले नव्हते.

श्रौत यज्ञातील आणखी एक व्यवस्था विचार करण्याजोगी आहे. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू प्रत्यक्ष कर्म करतो, उद्गाता साम गातो. चौथा ऋत्विज म्हणजे ब्रह्मा. तो बहुतेक वेळ मौन धारण करून सर्व कर्मावर लक्ष ठेवतो आणि चूक झाली तर ती दुरुस्त करवून घेतो. यज्ञाचा खर्च यजमानाचा, फलही यजमानाचे. परंतु चूक दाखवताना ब्रह्मा यजमानाच्या घाईकडे पाहत नाही. आधुनिक भाषेत ज्याला नियामक म्हणतात त्याचे कार्य यापेक्षा वेगळे नाही. तो कर्माचा जाणकार हवा, सतत जागा हवा आणि यजमानापासून स्वतंत्र हवा.

नियमांची दारे

आपल्या देशात हे कार्य कोण करते? पहिले नाव महाराष्ट्रातीलच आहे. पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय नागपुरात आहे. १८९८ साली विस्फोटक विभाग म्हणून तिचा आरंभ झाला. १८८४ च्या विस्फोटक अधिनियमाखाली केलेले गॅस सिलिंडर नियम, २०१६ तीच राबवते. एक हजार लिटरपर्यंतचे सिलिंडर या नियमांत येतात. त्याहून मोठ्या दाबपात्रांसाठी त्याच वर्षीचे स्वतंत्र नियम आहेत. हायड्रोजनचे सिलिंडर आणि साठवण टाक्या यांना या चौकटीतूनच जावे लागते.

दुसरे दार भारतीय मानक ब्यूरोचे. त्याची पूर्वसुरी असलेली मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. वाहनांच्या इंधनासाठी सीएनजीत हायड्रोजन मिसळण्याचे भारतीय मानक या ब्यूरोने २०१९ साली प्रसिद्ध केले. तिसरे दार वाहनांच्या मानकांचे आहे. त्या कामात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा मोठा वाटा असतो. हायड्रोजन इंधन-घटावरील वाहनांच्या सुरक्षा तपासणीचे एआयएस १५७ हे मानक २०२० साली रस्ते वाहतूक मंत्रालयाने लागू केले. याशिवाय तेल उद्योगासाठी सुरक्षा संचालनालय आहे, राज्याचे कारखाना निरीक्षक आहेत, आणि २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली स्थानिक अग्निशमन दल आहे.

दारे अनेक असली की दोन अडचणी येतात. प्रामाणिक उद्योजकाची एका दारातून दुसऱ्या दारात फरफट होते, आणि दोन दारांमधल्या फटीतून धोका आत शिरतो. टाकीची मंजुरी एकाकडे, वाहनाची दुसऱ्याकडे, जागेची तिसऱ्याकडे. परंतु टाकी, वाहन आणि जागा जेथे एकत्र येतात त्या भरणा केंद्राचा समग्र विचार कोणी करायचा? चाचणीच्या सोयींतील आणि मानकांतील उणिवा भरून काढण्यासाठी केंद्राने जुलै २०२४ मध्ये २०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ही योग्य दिशा आहे. तिचे चीज व्हायचे तर या सर्व यंत्रणांना एका मेजाभोवती बसवावे लागेल.

नियम म्हणजे केवळ कटकट, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात डोकवावे. गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे पुढील चाचणी केव्हा व्हायची ते त्यावरून कळते. ज्वलनशील वायूंच्या औद्योगिक सिलिंडरच्या झडपेला डावे आटे असतात, जेणेकरून प्राणवायूची नळी चुकूनही तेथे बसू नये. ज्याने हा डाव्या आट्याचा नियम लिहिला त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण त्याने किती कामगारांचे प्राण वाचवले असतील याची गणती करता येणार नाही. उत्तम नियम असा असतो. थकलेल्या, घाईत असलेल्या माणसालाही तो चूक करू देत नाही.

दुसऱ्यांच्या ठेचा

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. २३ मे २०१९ रोजी दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे एका संशोधन प्रकल्पातील हायड्रोजन टाक्यांचा स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला, सहा जण जखमी झाले. पाण्याच्या विघटनातून निघालेल्या हायड्रोजनमध्ये प्राणवायू धोकादायक प्रमाणात मिसळला होता. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२० मध्ये, कोरियाने हायड्रोजन अर्थव्यवस्था आणि हायड्रोजन सुरक्षा या दोहोंचा एकत्र कायदा केला. विकास आणि सुरक्षा यांना एकाच कायद्यात स्थान मिळाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गांगनुंगनंतर तीनच आठवड्यांच्या आत, १० जून २०१९ रोजी, नॉर्वेतील सांडविका येथे एका भरणा केंद्रावर स्फोट झाला. कारण काय? उच्च दाबाच्या टाकीवरील एका बुचाचे बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. कोणाचा मृत्यू झाला नाही, परंतु त्या एका चुकीने इतर केंद्रेही काही काळ बंद ठेवावी लागली आणि गाड्यांची विक्री थांबली. अद्ययावत तंत्रज्ञान होते, शिस्तबद्ध देश होता, पण बोल्ट आवळल्यावर ते दुसऱ्याने तपासण्याची पद्धत पक्की नव्हती. सुरक्षितता अशी कामगाराच्या हातातील पान्यापर्यंत पोहोचावी लागते.

तिसरे उदाहरण जपानचे. मार्च २०११ मध्ये त्सुनामीनंतर फुकुशिमा येथील अणुभट्ट्यांच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या त्या हायड्रोजनच्या स्फोटांनी. तापलेल्या इंधननळ्यांचा वाफेशी संयोग होऊन तो वायू निर्माण झाला आणि छपराखाली साचला. त्यानंतर जपानला जी गोष्ट बदलावी लागली ती तांत्रिक नव्हती. अणुऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्रालयाच्याच छत्राखाली तिचा नियामक बसत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये नवा, वेगळा नियामक स्थापन करण्यात आला. यजमान आणि ब्रह्मा एकच झाले की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

आपल्या घरचे उदाहरणही विसरता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन जहाजावर आग लागली. कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकाच जहाजात भरली होती. झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे साठांहून अधिक जवान कर्तव्य बजावताना हुतात्मा झाले. दर वर्षी १४ एप्रिलला त्यांचे स्मरण केले जाते. ते स्मरण खरे ठरायचे असेल, तर आगीत सर्वांत आधी शिरणाऱ्या माणसाला तेथे काय साठवले आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे. आणि नियम लिहिताना त्याला विचारले गेले पाहिजे.

मेजाभोवती कोण?

नियमांवरील चर्चेला सहसा कोण उपस्थित असते? मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी, कारण त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. परदेशी यंत्रनिर्माते, कारण त्यांना बाजारपेठ हवी असते. त्यांनी यावे, यात गैर काही नाही. त्यांचे ज्ञान उपयोगीच आहे. गैर आहे ते इतरांचे नसणे.

भाईंदरच्या गाळ्यात काम करणाऱ्या लघुउद्योजकाचा विचार करावा. उद्या याच कौशल्यातून झडपा, जोडण्या, कवचे तयार होऊ शकतात. परंतु मानक परदेशी यंत्रासमोर ठेवून लिहिले गेले आणि चाचणीचा खर्च त्याला न झेपणारा असला, तर देश हायड्रोजन स्वतः निर्माण करील आणि त्याची झडप मात्र आयात करील. स्वावलंबन तेव्हा अर्धेच राहील. याचा अर्थ मानक सैल करावे असा मुळीच नाही. स्वदेशीच्या नावाखाली हलका माल खपवणे हा स्वदेशीचाच अपमान आहे. मानक कठोरच असावे, पण चाचणीची सोय त्याला परवडेल अशी आणि जवळ असावी.

कामगाराचा विचार करावा. २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. उद्योगात श्रमिकाचे स्थान भागीदाराचे आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. सांडविकाचा बोल्ट तेच सांगतो. कोणता बोल्ट सैल होतो, कोणती सूचना पाळणे व्यवहारात अशक्य आहे, हे पाळीवरच्या माणसाला अधिकाऱ्याच्या आधी कळते. त्याचे म्हणणे मसुद्यात आले नाही, तर नियम सुंदर दिसेल पण पाळला जाणार नाही.

ग्राहकाचा विचार करावा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. संघटित, अभ्यासू आणि संयमी नागरिक कायद्याच्या आधी चालू शकतात, हा त्या कार्याचा धडा आहे.

आणि भोपाळनंतर कायद्याने जे दिले त्याचाही उपयोग करावा. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट गटांची तरतूद केली. स्थानिक गटात अधिकारी, उद्योग आणि अग्निशमन दल यांच्याबरोबर डॉक्टर, समाजसेवक, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक आणि समाजातील पुढारी यांनाही स्थान दिले आहे. जेथे असे गट आहेत तेथे ते नियमित भरतात का, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे.

सूचना कशी द्यावी

सहभाग म्हणजे मोर्चा किंवा घोषणा नव्हे. विस्फोटक अधिनियमाखालील नियम अंतिम होण्यापूर्वी त्यांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मानक ब्यूरोही आपले मसुदे अभिप्रायासाठी खुले करतो. कायदा करण्यापूर्वी मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, असे धोरण केंद्राने २०१४ साली स्वीकारले. दार उघडे आहे. आत जाणारे थोडे आहेत.

परिणामकारक सूचनेला चार अंगे असतात. कोणते कलम, त्यात आता काय लिहिले आहे, त्याऐवजी काय लिहावे आणि का. ‘हायड्रोजन धोकादायक आहे, वस्तीत नको’ असे पत्र फायलीत पडून राहते. परंतु ‘भरणा केंद्राच्या छताचा सर्वांत उंच भाग वायुवीजनासाठी खुला असावा, कारण गळलेला वायू तेथेच साचतो’, किंवा ‘आणीबाणीचे बटण आणि सूचनाफलक मराठीत असावेत, कारण तेथे काम करणारा आणि शेजारी राहणारा माणूस मराठी वाचतो’, अशा सूचनेचा विचार करावाच लागतो. ‘भरणा केंद्राला परवानगी देण्यापूर्वी स्थानिक अग्निशमन दलाला उष्णता दाखवणारा कॅमेरा आणि प्रत्यक्ष सराव मिळावा’, हीही तशीच सूचना. हायड्रोजनची ज्वाला वायूचा पुरवठा तोडल्याशिवाय विझवू नये, नाहीतर न जळलेला वायू साचून स्फोट होतो. हे ज्ञान जवानाला सरावातून मिळाले पाहिजे, दुर्घटनेतून नव्हे.

भाषेचा प्रश्न येथे गौण नाही. मसुदे बहुधा इंग्रजीत आणि हिंदीत असतात. २०२० साली पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत अनुवादित करावा, असे सांगितले होते. जो नियम भाईंदरच्या माणसाच्या प्राणाशी संबंधित आहे तो त्याला त्याच्या भाषेत वाचायला मिळावा, ही मागणी न्याय्य आहे. सरकारी अनुवाद होईपर्यंत अभियंते, प्राध्यापक आणि वकील यांनी मिळून मसुद्याचा मराठी सारांश करणे अशक्य नाही. सावरकरांनी दिनांक, महापौर यांसारखे शब्द घडवून मराठीला प्रशासनाची भाषा बनवण्याचा मार्ग दाखवला. सुरक्षेच्या भाषेतही ते कार्य पुढे न्यावे लागेल.

परस्परांची कर्तव्ये

या संवादात प्रत्येकाने काही सोडावे लागते. उद्योगाने लपवण्याची सवय सोडावी. जी दुर्घटना थोडक्यात टळली, तीच सर्वांत मोठी शिक्षिका असते. ती नोंदवून इतरांना सांगणाऱ्या उद्योगाला दंडाचे भय वाटू नये, अशी व्यवस्था नियामकाने करावी. नियामकाने केवळ कागद तपासण्याची सवय सोडावी आणि शंका विचारणाऱ्या नागरिकाला विरोधक समजू नये. नागरिकांनी अफवा सोडाव्यात. चुकीच्या भयाने रोखलेला चांगला प्रकल्प हीसुद्धा राष्ट्राची हानीच आहे, कारण त्याची जागा डिझेलचा धूर घेतो आणि तो लहान मुलांच्या छातीत जातो.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतच चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थव्यवस्था माणसासाठी आहे, यंत्र माणसासाठी आहे, हा त्या मांडणीचा गाभा. हायड्रोजनला ही कसोटी लावली तर प्रश्न सोपा होतो. किती टन निर्माण झाले, हा हिशेब मंत्रालय ठेवील. ते हाताळणारा, वाहून नेणारा आणि त्याच्या शेजारी झोपणारा माणूस सुखरूप आहे का, हा हिशेब समाजाने ठेवायचा आहे.

गोडदेवसारख्या ठिकाणी यासाठी काय करता येईल? परिसरातील अभियंते, कामगार, गाळेधारक, निवृत्त अग्निशमन कर्मचारी आणि गृहिणी यांचा पाच-सात जणांचा अभ्यासगट पुरेसा आहे. महिन्यातून एकदा बसून पेसो, मानक ब्यूरो आणि ऊर्जा मंत्रालय यांचे नवे मसुदे पाहावेत. वर्षातून दोन-चार का होईनात, पण अभ्यासपूर्ण सूचना पाठवाव्यात आणि त्यांचे काय झाले याचा पाठपुरावा करावा. १४ एप्रिलला आपल्या अग्निशमन केंद्रात जाऊन जवानांना वंदन करावे आणि त्यांना काय कमी पडते ते विचारावे. घातक माल वाहणाऱ्या वाहनांवरील फलक वाचायला मुलांना शिकवावे. त्यावर १०४९ हा आकडा असेल तर आत दाबाखालील हायड्रोजन आहे, आणि अपघात दिसला तर जवळ न जाता ११२ किंवा १०१ वर तो आकडा सांगायचा, एवढे बारा वर्षांच्या मुलालाही कळते.

या कामात प्रसिद्धी नाही, हारतुरे नाहीत. एखाद्या मसुद्यातील एक ओळ बदलते आणि ती कोणी बदलली हे कोणालाही कळत नाही. डाव्या आट्याचा नियम लिहिणाराही असाच अनाम राहिला. राष्ट्रकार्याचा मोठा भाग अशा अनाम परिश्रमांनीच उभा असतो, हे येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.